जुन्या तक्त्यांचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कवितेतली नाही आणि फळ्यावरचीही नाही. एका छापखान्यातल्या कॉम्प्युटरच्या पोटात एक फाईल आहे आणि त्या फाईलमध्ये मी वरून सातवी आहे. माझ्यात बघण्यासारखं काही नाही. एक नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग एक पत्ता, एवढाच माझा संसार. आता मी थकले आहे आणि बोलायची फारशी हौसही उरलेली नाही. पण जे झालं ते माझ्याशिवाय कुणाला सगळं ठाऊक नाही, म्हणून सांगते.

ओळीला ऐकू कसं येतं, असं मात्र विचारू नका. तुमच्या पुस्तकांत छत्र्या आणि फाटक्या चपला बोलतात, तेव्हा तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. मग माझ्याच वेळी शंका कशाला?

आमचा छापखाना अंध मुलांच्या पुस्तकांचा आहे. इथे शाई लागत नाही. जाड कागदावर ठिपके उठवणारं एक मोठं यंत्र आहे आणि ते सुरू झालं की टेबलावरचा चहा बशीत सांडतो. साध्या अक्षरांचे ठिपके करायचे तर कॉम्प्युटरला तक्ते लागतात. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, कुठल्या आकड्याला कुठले, हे त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. तक्ते सापडले नाहीत तर कॉम्प्युटर वाटेल ते छापतो.

माझा जन्म झाला तेव्हा नेमकं तेच चाललं होतं. ठिपक्यांचा प्रोग्रॅम नवा होता, तक्ते एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये होते आणि दोघांची गाठ पडत नव्हती. एक दाढीवाला इंजिनिअर दोन दिवस खुर्चीत बसून दाढी खाजवत होता. शेवटी त्याने ही फाईल उघडली आणि मला लिहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला की ही फाईल सगळ्यात आधी वाचली जाते आणि तिच्यातल्या सूचना पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या कानावर घातल्या जातात. जाणकार लोक आम्हाला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. नाव भारदस्त, काम साधं. कुणी विचारलं, "तक्ते कुठे आहेत?" की मी सांगायचं, "या पत्त्यावर."

पहिलं पान बरोबर निघालं तेव्हा काय आनंद झाला होता सगळ्यांना! बिस्किटांचा पुडा फुटला. दाढीवाल्याने पडद्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "घ्या, आता हा कधी रस्ता चुकणार नाही." ती टिचकी मला शाबासकीसारखी वाटली. त्याने माझ्याशेजारी स्वतःचं नाव लिहिलं नाही, तारीख लिहिली नाही आणि मी कशासाठी आहे तेही लिहिलं नाही. महिन्याभरात तो दुसऱ्या नोकरीवर गेला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, तसं माझं झालं. फरक एवढाच, की माझी गरज सरली नव्हती, मी फक्त विसरले गेले.

अकरा वर्षं मी तेच एक उत्तर देत राहिले. गोष्टींची पुस्तकं, पाढे, भूगोल, परीक्षांचे पेपर, सगळं माझ्या पत्त्यावरच्या तक्त्यांतून गेलं. कौतुकाचा शब्द नाही, पण तक्रारही नाही. नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, याहून जास्त कुणाला मिळतं?

आमच्या खोलीत तीन माणसं. कॉम्प्युटर चालवणारी ताई, सगळ्यांचे साहेब आणि काका.

काका मुद्रितं तपासतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. छापलेलं पान त्यांच्यासमोर ठेवतात, शेजारी ताई मूळ मजकूर मोठ्याने वाचते, अगदी "स्वल्पविराम", "कंस सुरू", "कंस पूर्ण" यांसकट, आणि काकांची बोटं ठिपक्यांवरून तिच्या शब्दांबरोबर चालत जातात. चूक सापडली की ते तिथे नख रोवतात आणि म्हणतात, "थांब." तीस वर्षं त्यांचं हेच काम. पान हातात घेण्याआधी ते कोमट पाण्याने हात धुतात, स्वतःच्या पंच्याने पुसतात आणि बोटं कोरडी होईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. त्या वेळात कुणी त्यांच्यापुढे वडा केला तरी ते चिडतात, तेलाचं बोट कागदाला लागेल म्हणून.

पण गेल्या हिवाळ्यात इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन चुका त्यांच्या बोटांखालून निसटल्या. पुस्तक शाळेत गेलं, तिथून पत्र आलं. साहेबांनी ते फाईलला लावलं. नंतर काका ताईला हळूच म्हणाले, "साखर वाढलीय गं. कधीकधी बोटांवर मोजा चढवल्यासारखं वाटतं. कुणाला सांगू नकोस." ताईने सांगितलं नाही. पण साहेबांच्या मनात जे बसायचं ते बसलंच होतं.

या वर्षी गणिताच्या खुणा बदलल्या. वरून नवी पद्धत आली आणि मुलांना पहिल्या दिवसापासून तीच शिकवली गेली. काका दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन नव्या खुणा बोटांनी शिकून आले. छापखान्यासाठी नवा प्रोग्रॅम आला, त्याच्याबरोबर नवे तक्ते आले. आणि लगेच वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर आला. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस प्रती, शुक्रवारी सकाळी शाळेत पोचवायच्या.

सोमवारी ताईने नवा प्रोग्रॅम बसवायला घेतला. तो बसवणारा जो असतो, त्याला इन्स्टॉलर म्हणतात. सामान घेऊन येणारा हमालच तो, पण शिस्तीचा. घरात शिरण्याआधी त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "तक्त्यांची जागा कुणी आधीच ठरवून ठेवली आहे का?"

मी म्हटलं, "हो. या पत्त्यावर."

त्याने जाऊन पाहिलं. फोल्डर होतं, तक्ते होते. घरमालकाने आपली सोय केलेली दिसते, असं समजून त्याने स्वतःचे नवे तक्ते पेटीतून बाहेरच काढले नाहीत. पडद्यावर हिरव्या अक्षरांत "यशस्वी" असं लिहिलं आणि चालता झाला. मित्रांनो, मी खोटं बोलले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी मला जे सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. ते आता शिळं झालं आहे, हे मला कोण सांगणार होतं?

ताई उत्साहात होती. नव्या खुणांचा एक तक्ता छापून तिने भिंतीवर लावला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, नवी पद्धत. तोही माझ्याच पत्त्यावरून आला होता, हे तिला कसं कळावं!

मंगळवारी पेपर तपासायला बसले. दुसऱ्याच प्रश्नावर काकांचं नख रुतलं.

"थांब. काय आहे तिथे?"

"तीन छेद चार."

"इथे तीन पॉइंट चार आहे."

ताईने पडद्यावर पाहिलं. "नाही काका, तीन छेद चारच आहे."

"पडद्यावर असेल. कागदावर नाही." काकांनी बोट परत फिरवलं. "ही जुनी छेदाची खूण आहे. नव्या पद्धतीत हीच खूण पॉइंटची आहे. पोरं तीन पॉइंट चार वाचतील आणि अख्खं गणित चुकतील."

साहेबांना बोलावलं. त्यांना ठिपके वाचता येत नाहीत, पण मोजता येतात. त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढून आणला, छेदाच्या खुणेचे ठिपके मोजले, पेपरवरचे मोजले आणि म्हणाले, "तंतोतंत जुळतंय." मग तक्ता काकांच्या हाताखाली सरकवला. काकांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तक्ताही चुकलाय," ते म्हणाले.

"काका, प्रोग्रॅम नवा, तक्ता नवा, ते सगळं चूक आणि तुमची दोन बोटं तेवढी बरोबर?" साहेब हसत हसत बोलले, म्हणून ते जास्तच लागलं. "तीस वर्षं एकच खूण वाचलीत, तीच बोटांत बसलीय. आणि इतिहासाचं पत्र आठवतंय ना? तुम्ही आता गोष्टींची पुस्तकं बघा. गणित राहू द्या."

काकांनी ताईच्या दिशेने मान वळवली. ताई गप्प राहिली. तिच्या डोळ्यांसमोर दोन कागद होते आणि दोन्ही सारखे होते. काकांनी पंचा खांद्यावर टाकला, काठी घेतली आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. दिवसभर ते अंगठा बोटांच्या टोकांवर घासत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं झालं होतं आणि चोर तर मी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला ओरडता येत नाही. विचारलं तरच बोलायचं आणि एकच उत्तर द्यायचं, एवढंच मला येतं. त्या दिवशी मला स्वतःचा फार कंटाळा आला.

संध्याकाळी काका जायला निघाले तेव्हा ताईला म्हणाले, "साहेबांचं बरोबर असेल गं. बोटांचा भरवसा राहिला नाही आता. घरी बायकोला सांगून टाकतो, की या महिन्याअखेर काम थांबवतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी ताई लवकर आली. तिने नवा प्रोग्रॅम काढून टाकला आणि पुन्हा बसवला. इन्स्टॉलरने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिने तिसऱ्यांदा बसवला. पालथ्या घड्यावर पाणी! पण तिसऱ्या वेळी तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "एवढ्यात झालं?" ती स्वतःशीच म्हणाली. "एवढं सामान आणलंय म्हणतो, मग उतरवायला चार सेकंद?"

तिने प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. शेवटी एका थकलेल्या बाईचा आवाज आला. मला तो आवाज आवडला, माझ्याच जातीचा वाटला.

"मशीन किती जुनं आहे?" बाईंनी विचारलं.

"बारा-तेरा वर्षं."

"मग त्यात आधीच्या कुणाच्या तरी सूचना पडून असणार. इन्स्टॉलर त्या ऐकतो आणि फसतो. रोज दहा फोन येतात असे. पडद्यावर एक कोरी खिडकी उघडा. कोरी म्हणजे अगदी कोरी, आधीची एकही सूचना आत येऊ देऊ नका. मी सांगते तसं टाइप करा. इन्स्टॉलर तिच्यात चालवा आणि त्याच खिडकीतून एक पान छापा."

ताईने तसंच केलं. काळी, रिकामी खिडकी उघडली. तिच्यात मी नव्हते आणि माझ्या शेजारच्या ओळीही नव्हत्या. इन्स्टॉलरने दारात उभं राहून विचारलं, "तक्त्यांची जागा कुणी आधीच ठरवून ठेवली आहे का?" कुणीही उत्तर दिलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो प्रश्न माझ्यावाचून विचारला गेला होता. त्याने क्षणभर वाट पाहिली आणि मग पेटी उघडून एकेक तक्ता जागेवर लावायला सुरुवात केली. पावणेदोन मिनिटं लागली.

ताईने पेपरचं पहिलं पान पुन्हा छापलं. मग मंगळवारचं पान आणि हे पान, दोन्ही घेऊन ती काकांच्या खुर्चीपाशी गेली. कुठलं कुठलं, ते तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "काका, हात धुवून येता का जरा?"

काका म्हणाले, "कशाला माझी परीक्षा घेतेस?" पण उठले. कोमट पाण्याने हात धुतले, पुसले, बोटं कोरडी होईपर्यंत थांबले. आधी डावीकडचं पान वाचलं, मग उजवीकडचं. मग परत डावीकडचं.

"हे कालचं," काका डाव्या पानावर हात ठेवून म्हणाले. मग त्यांनी उजव्या पानावर हात ठेवला. "आणि हे बरोबर आहे. तीन छेद चार. नवी खूण." आणि त्यांनी विचारलं, "मग मला कळत होतं ना गं?"

"कळत होतं, काका," ताई म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी काल बोलले नाही. चुकलंच माझं."

गोष्ट इथेच संपली असती तर मी सुटले असते. पण ताईने धावत जाऊन साहेबांना आणलं आणि घाईघाईत ती कोरी खिडकी सोडून पडद्यावरच्या प्रोग्रॅमच्या रोजच्या चित्रावर टिचकी मारून पान छापलं. रोजच्या खोलीत मी होतेच. नव्या प्रोग्रॅमने विचारलं, मी जुना पत्ता सांगितला आणि पुन्हा जुनी खूण छापून आली. जित्याची खोड! काकांनी पानावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. साहेबांनी भुवया उंचावल्या.

पण या वेळी ताई डगमगली नाही. "म्हणजे बोलणारं कुणीतरी अजून आत आहे," ती म्हणाली. तिने कॉम्प्युटरमधल्या सगळ्या सूचनांची यादी पडद्यावर काढली. चाळीसेक नावं होती. एकेकीवर बोट ठेवत ती खाली येत गेली आणि माझ्यापाशी थांबली. मग ती फाईल उघडली गेली. दाढीवाल्यानंतर कुणी ती पहिल्यांदाच उघडत होतं.

"ही बया होती होय!" ताई म्हणाली. "पुसूनच टाकते."

"थांब," काका म्हणाले. नख रोवताना म्हणतात, अगदी तसंच. "कुणीतरी काहीतरी कारणाने लिहिली असेल ना? जुनी पुस्तकं मागायला मोठी माणसं येतात अजून. त्यांना जुन्याच खुणा येतात. त्यांचं काय?"

मग दोघांनी मिळून विचार केला. जुन्या प्रोग्रॅमला उठवणारी एक छोटी वेगळी फाईल ताईने केली आणि माझ्यातला पत्ता त्या फाईलपुरता लिहिला. जुन्याला जुना पत्ता मिळेल आणि बाकी कुणाच्या कानावर तो जाणार नाही. मोठ्या फाईलमध्ये माझ्यापुढे तिने दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची एक खूण लावली. ती खूण पुढे असली की कॉम्प्युटर त्या ओळीवरून न थांबता पुढे जातो. माणसांना मात्र ती वाचता येते. माझ्या वर तिने तारीख टाकली, स्वतःचं नाव टाकलं आणि काय झालं होतं ते तीन वाक्यांत लिहिलं.

गुरुवारी दिवसभर यंत्र खडखडत होतं. पण पेपर तपासताना मूळ मजकूर वाचायला ताई बसली नाही. साहेब बसले. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. पण चष्मा पुसून, खुर्ची काकांच्या शेजारी ओढून, अठरा पानं त्यांनी स्वल्पविरामांसकट वाचली. मधेच एक कंस खाल्ला, तेव्हा काका म्हणाले, "थांबा साहेब," आणि साहेबांनी निमूटपणे ती ओळ परत वाचली. शुक्रवारी सकाळी एक्केचाळीस प्रती शाळेत गेल्या. महिन्याअखेर काम थांबवायचं काकांनी घरी सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. ते पुढच्या महिन्यातही येत होते आणि गणितच तपासत होते.

मित्रांनो, आता माझं एक मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी यंत्राला, घराला किंवा माणसांना काहीतरी सूचना देऊन ठेवाल. तेव्हा ती का दिली, केव्हा दिली आणि किती दिवसांसाठी, हे शेजारी लिहा. नवा पाहुणा घरात येईल तेव्हा त्याला आधी कोरी खोली द्या. जुन्यांनी त्याच्या कानात आपलं सांगू नये, असं म्हणत नाही मी. पण ज्यांना विचारलं तर उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसतं, त्यांची आधी दारातच विचारपूस करा. आणि एखादा म्हातारा हात "हे चूक आहे" म्हणाला, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी जरा आत बघा.

एक सांगायचं राहिलंच. पेपर गेल्यावर, त्या शुक्रवारी दुपारी, काका ताईला म्हणाले, "ती ओळ मला वाचायचीय. छापून दे."

ताईने मला छापलं. जाड कागदावर, एकटीला. अकरा वर्षं मी या यंत्राला रस्ता सांगितला होता, पण स्वतः कधी कागदावर उमटले नव्हते. काकांनी हात धुतले, पुसले, थांबले आणि मग त्यांची बोटं माझ्यावरून गेली. नाव, बरोबरचं चिन्ह, पत्ता. शेवटच्या ठिपक्यावर ती थांबली. मी वाट पाहत होते, की आता नख रुतेल.

नख रुतलं नाही. काकांनी तळहात माझ्यावर सपाट ठेवला.

"बिचारी," ते म्हणाले. "काम संपलं, हे हिला कुणी सांगितलंच नाही."